गुरुवारच्या चौकटीतला शब्द

ही वही कुणाच्या हाती पडलीच तर आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर चांगलं नाही. रेघेवर सुरू होतं आणि ओळ संपेपर्यंत खाली उतरतं. वेलांटी कुठली आणि कुठे द्यायची हे चौथीत बाईंनी शिकवलं होतं, पण त्यानंतर शाळा सुटली आणि पेन हातात आलं ते फक्त बचत गटाच्या सहीपुरतं. माझ्या लेकीच्या, पूजाच्या, अकरावीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. चुकलेलं असेल ते समजून घ्यावं. ज्याला वाचता येणार नाही त्याने सोडून द्यावं, मला राग येणार नाही.

आज सकाळी अंगण झाडताना गल्लीत भिजल्या गव्हाचा वास आला. तिसऱ्या दिवसाचा. हा वास दिवसागणिक बदलतो. पहिल्या दिवशी गहू नुसते धुतल्यासारखे वासतात, दुसऱ्या दिवशी ओल्या पोत्यासारखे, आणि तिसऱ्या दिवशी ताकाच्या रिकाम्या मडक्यात तोंड घातल्यासारखा वास येतो. आमच्या गल्लीतल्या बाया नुसत्या वासावरून सांगतात, कुणाचे गहू कितव्या पाण्यात आहेत. म्हणजे कुरडयांचे दिवस पुन्हा आले. गच्च्यांवर जुनी लुगडी पसरतील, विटा ठेवून त्यांचे कोपरे दाबतील, कावळे हाकलायला म्हाताऱ्या बसतील. मी झाडू हातात घेऊन उभी राहिले आणि मान आपोआप वर गेली. दोन वर्षांपासून असं होतं. आधी मी आभाळाकडे बघत नव्हते असं नाही, पण तेव्हा बघण्यात भीती नव्हती.

आमच्याकडे ढग आले असं म्हणत नाहीत. आभाळ आलं म्हणतात. जसं काही एरवी डोक्यावर आभाळ नसतंच, ढग आले की तेवढं ते येतं. लहानपणी मी आईला विचारलं होतं, मग रोजचं निळं दिसतं ते काय असतं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "ते मोकळं असतंय." मला ते उत्तर फार आवडलं होतं. मोकळं म्हणजे मोकळं, त्याला नाव कशाला. माणसाचंही तसंच आहे असं आता वाटतं. जोवर सगळं मोकळं असतं तोवर त्याला नाव देत नाही आपण. मैत्री आहे, विश्वास आहे, असं कोण रोज म्हणतं. झाकलं की मग कळतं, वर काहीतरी होतं.

कुरडयांचं काम एकटीचं नाही. गहू दळून चीक काढायला दोघी, पहाटे चुलीवर तो घाटायला दोघी, गरम गरम साच्यात भरून दाबायला आणखी दोघी. चीक थंड झाला की साच्यातून उतरत नाही, म्हणून हात भाजत असले तरी थांबता येत नाही. या कामाला आमच्यात सावड करतात. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. मजुरी नाही, हिशेब नाही. आमच्या सावडीत आम्ही चौघी होतो. मी, माझ्या शेजारची संगीता, पलीकडच्या घरातल्या कोंडाबाई मावशी आणि त्यांची सून. कोणी आधी करायचं, कोणी नंतर, हे चैत्र लागायच्या आत ठरायचं आणि ठरलेला वार कोणी मोडायचं नाही.

वार का मोडायचा नाही, तेही लिहिते. गहू रविवारी भिजवले की गुरुवारी पहाटे चीक शिजतो. मध्ये थांबायला जागाच नाही. गहू एकदा पाण्यात पडले की माघारी येत नाहीत. म्हणून रविवारी आपण भिजवतो ते रविवारच्या उन्हाकडे बघून नाही, गुरुवारच्या उन्हाकडे बघून. जे ऊन अजून आलेलं नाही त्याच्या भरवशावर पोतं मोकळं करायचं. पूर्वी कोंडाबाई मावशी सांगायच्या. त्या संध्याकाळी दारात बसायच्या, वारं कुठून येतंय बघायच्या, चिमण्या धुळीत लोळतात का बघायच्या आणि म्हणायच्या, भिजवा किंवा थांबा. मग संगीताच्या हातात मोठा मोबाईल आला आणि मावशींना विचारणं हळूहळू कमी झालं.

संगीता बारावी शिकलेली. आम्ही दोघी एकाच वर्षी या गल्लीत लग्न होऊन आलो, ती भोकरकडची, मी नायगावकडची. पहिल्या पंचमीला दोघींनाही माहेरी जायला मिळालं नाही म्हणून दोघी एकाच भिंतीला टेकून रडलो होतो. मला चारचौघांत बोलता येत नाही. तोंड उघडायच्या आधीच कान गरम होतात. संगीता माझ्या वाट्याचं बोलायची. कंधारच्या स्टँडवर गाडीची पाटी तीच वाचायची, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांवर काय लिहिलंय ते तीच सांगायची, पूजाला लातूरच्या कॉलेजात जागा मिळाली ते पत्रही आधी तिनेच वाचलं. मला हेवा वाटला नाही कधी. घरात एकाला डोळा असला की दुसऱ्याचं चालतं, तसं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. नांदेडला माझ्या मावसबहिणीच्या ओळखीने एका दुकानवाल्या बाईंनी मला कुरडयांचं काम दिलं. पापड, कुरडया, शेवया असं वाळवणाचंच दुकान. लग्नसराई होती, त्यांना पंधरवड्यात माल हवा होता. चांगला आला तर दरवर्षी तुमच्याकडूनच घेऊ म्हणाल्या. तीन हजार बयाणा त्यांनी माझ्या हातात दिला. माझ्या नावावर आलेलं आयुष्यातलं ते पहिलं काम. आजवर मी दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला, हरभरा काढला, पण तिथे मी नुसती एक बाई असते. बारा बायांतली एक. इथे त्या दुकानवाल्या बाईंनी वहीत माझं पूर्ण नाव लिहिलं, सासरच्या आडनावासकट, आणि मला विचारलं, बरोबर आहे ना. घरी येताना गाडीत मी ते नाव मनात दोनदा म्हटलं.

त्या वर्षी पहिला वार संगीताचा होता. रविवारी भिजवून गुरुवारी करायच्या. माझा त्याच्या पुढचा. शनिवारी संध्याकाळी ती माझ्या दारात आली. हातात मोबाईल. मी कणीक मळत होते.

"अनु, तू कर आधी," ती म्हणाली.

"अगं, वार तुझा हाय की."

"माझं घरचं हाय. चार दिवस पुढं झालं तर काय बिघडतंय? तुला नांदेडला माल द्यायचाय. पहिलंच काम हाय तुझं, त्याला उशीर नको."

मी हात तसेच कणकेत ठेवून उभी राहिले. मग विचारलं, "गुरुवारचं बघितलंस का?"

तिच्या फोनवर कुठल्याशा ग्रुपमध्ये रोज पाच दिवसांचा मेसेज यायचा. चित्रं नसायची, नुसती इंग्रजीत वारांची नावं आणि प्रत्येक वारापुढे एकेक शब्द. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि गुरुवारपुढच्या शब्दावर बोट ठेवलं.

"ओव्हरकास्ट," तिने वाचलं.

"म्हंजे?"

"म्हंजे साफ. एकदम निरभ्र."

असं म्हणाली. सरळ, मान वर करून, माझ्या डोळ्यांत बघून. मी हा क्षण पुष्कळदा मनात मागे नेऊन बघितला आहे. आवाज अडखळला का, नजर हलली का. काही नाही. गोळीच्या पाकिटावरचं वाचावं तसं वाचलं.

मी तिला थांबवलं, घरात गेले, देवापुढचा नारळ आणला आणि तिच्या ओटीत घातला. स्वतःचा वार कोण कुणाला देतं.

ती गेल्यावर मी एक गोष्ट केली, जी कुणाला सांगितली नव्हती. तो शब्द मला फार आवडला होता. निरभ्रला इंग्रजीत असा भारदस्त शब्द आहे हे ठाऊक नव्हतं. पूजा लहान असताना तिच्या पाटीवर एबीसीडी गिरवून घेताना मीही गिरवली होती, त्यामुळे अक्षरं काढता येत होती. मी संगीताच्या धाकट्या मुलीकडून तो मेसेज पुन्हा दाखवून घेतला, शब्द हातावर उतरवला, आणि घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये गुरुवारच्या चौकटीत जपून लिहिला. एकेक अक्षर सुटं. पूजा सुट्टीत येईल तेव्हा तिला दाखवायचं म्हणून. तुझी आई पण एक शब्द शिकली म्हणून.

रविवारी गहू भिजवताना कोंडाबाई मावशी ओट्यावर येऊन बसल्या. पश्चिमेकडे बघत म्हणाल्या, "अनसूये, वारं खालून येऊन राहिलं. मला गुरुवार काही बरा दिसत न्हाई."

"मावशी, मोबाईलवर आलंय. ओव्हरकास्ट हाय." मी हे ऐटीत म्हटलं.

"ते काय असतंय?"

"साफ. ऊन पडणार."

मावशींनी लुगड्याचा पदर तोंडावर धरला. "असंल बाई. तुमचं यंत्र शिकलेलं हाय, मी आपली गुराखी." आणि हसत निघून गेल्या.

सोमवारी दुकानवाल्या बाईंचा फोन आला. माल कधी म्हणून. मी म्हटलं, गुरुवारी घालते, त्या दिवशी ओव्हरकास्ट आहे. त्या म्हणाल्या, "मग कशा वाळवणार तुम्ही?" मला वाटलं, ऊन फार कडक झालं तर कुरडया तडकतात, तसं त्यांना म्हणायचं असेल. मी विचारायला हवं होतं. ओठावर आलं होतं, असं का म्हणता. पण शहरातली बाई, दुकानाची मालकीण, मी कान गरम होऊन नुसती "होतील की" म्हणाले. तो एक प्रश्न विचारला असता तर गहू अजून फक्त एका पाण्यात होते, वाळवून, दळून भाकरीला तरी लावता आले असते. संगीताने मला फसवलं हे खरं. पण माझ्या लाजेने तिला मदत केली हेही खरं आहे.

गुरुवारी पहाटे संगीता सगळ्यांत आधी आली. चुलीला फुंकर तिनेच घातली. चीक घाटायचा तो मोठा दांडा तिने कुणाला दिला नाही. उकळत्या चिकाचा एक शिंतोडा तिच्या मनगटावर उडाला, कातडी वर आली, तरी ती थांबली नाही. चीक असा झाला होता की डावातून धार सुटली तर रेशमासारखी. मावशींच्या सुनेने वाटीत घेऊन त्यावर तूप-साखर घातली आणि आम्ही चौघींनी उभ्या उभ्या खाल्ला. गच्चीवर लुगडी भरली. कुरडईला कुरडई लागू नये असं अंतर ठेवत, गोल गोल, पांढऱ्या. आठ वाजेपर्यंत सगळं उरकलं. मी पाठ सरळ करायला उभी राहिले तेव्हा बघितलं, गच्चीवर माझी सावली नव्हती.

पाऊस आला नाही. वारा, वीज, काही नाही. कुणी आकांत करावा असं काही घडलंच नाही. आभाळ आलं आणि बसलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, तव्याच्या पाठीसारखं. सूर्य कुठे आहे तेही कळेना. दहा वाजले आहेत की तीन, उजेडावरून सांगता येईना. मी खाली-वर करत राहिले. मावशी जिन्यात बसून वर बघायच्या आणि खाली बघायच्या. त्यांची सून दर थोड्या वेळाने म्हणायची, हटेल, हटेल. आम्ही तिघी दिवसभर वर बघत होतो. संगीता बघत नव्हती. ती कुरडया उलटत होती, कडा चाचपत होती, भिजल्या फडक्याने हात पुसत होती, पण मान एकदाही वर केली नाही. हे मला त्या दिवशी दिसलं होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी दिसला नाही. वाटलं, किती जीव लावून करते आहे.

शुक्रवारही तसाच गेला. कुरडया चिकट राहिल्या, मग त्यांना आंबूस वास सुटला, मग तांबूस कड आली. घरात पंख्याखाली आणल्या, पलंगावर पसरल्या, आम्ही जमिनीवर झोपलो. शनिवारी ऊन पडलं, स्वच्छ, डोळे दिपवणारं. तोवर त्यांचा जीव गेला होता. हात लावला की मोडायच्या. पोतंभर गव्हाचं सगळं म्हशीच्या घमेल्यात गेलं. म्हशीनेही एकदा तोंड लावून मान वळवली.

पुढच्या गुरुवारी संगीताचा वार. तिने या वेळी गहू पुष्कळ भिजवले होते. एवढे कशाला विचारलं तर म्हणाली, थोरल्या लेकीच्या सासरी द्यायचेत. सावड म्हणून मी गेले. चीक मी घाटला, साचा मी दाबला. ऊन असं पडलं होतं की दुपारपर्यंत कुरडया खडखडीत झाल्या, एकीवर एक ठेवल्या की चिनी मातीच्या बशीसारखा आवाज. मी तिच्यासाठी खरंच आनंदले होते. लिहिताना हेच सगळ्यांत जड जातं आहे. आणि संध्याकाळी मीच म्हटलं, "संगीता, माझं तर गेलं. दुकानवाल्या बाईंना शब्द दिलाय. तुझा माल देऊ का?" ती थोडी नाही-हो करत राहिली. मी आर्जव केलं. नांदेडला मीच तिला घेऊन गेले. दुकानवाल्या बाईंनी कुरडई उजेडात धरून बघितली आणि वहीत माझ्या नावावर रेघ मारून खाली तिचं नाव लिहिलं. मला दिलेला बयाणा त्यांनी तिच्या पैशांतून वजा केला. म्हणाल्या, तुम्ही दोघी शेजारणी, तुमचं तुम्ही बघा. म्हणजे ते तीन हजार आता मी संगीताला लागत होते. गाडीत ती म्हणाली, "सावकाश दे. मी काय परकी हाय?"

पूजा त्या वर्षी परीक्षा संपवून आली तेव्हा तिने पिशवी ठेवून पाणी प्यायलं आणि भिंतीकडे बघून हसली.

"मम्मी, हे ओव्हरकास्ट कुणी लिहिलंय?"

"मी."

"तू? आणि स्पेलिंग एकदम बरोबर. त्या दिवशी आभाळ होतं का?"

मी म्हटलं, होतं. पण तुला कसं कळलं.

"मग लिहिलंय काय तू? ओव्हरकास्ट म्हणजे आभाळ आलेलं. पूर्ण झाकलेलं."

मी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. तिला वाटलं मला शब्द शिकायचा आहे, म्हणून ती उत्साहाने सांगत बसली. थोडे ढग असले तर दुसरा शब्द आहे, पार्टली क्लाउडी. हवामानवाले आभाळाचे आठ भाग धरतात, आठही झाकले की मगच ओव्हरकास्ट. त्यात पाऊस असेलच असं नाही, नुसतं झाकलेलं असलं तरी पुरतं. तिने मला वाक्यात वापरूनही दाखवला. द स्काय इज ओव्हरकास्ट. मी विचारलं, हा शब्द माणसाला लावतात का गं. ती म्हणाली, पुस्तकात वाचलंय कधीतरी, चेहरा ओव्हरकास्ट झाला असं, आपण नाही का म्हणत, तोंडावर मळभ आलं.

"तुला कुणी सांगितलं होतं मग, काय अर्थ हाय म्हणून?"

"कुणी न्हाई," मी म्हटलं. "दिसला, लिहिला."

का खोटं बोलले, ठाऊक नाही. आपल्या माणसाने आपल्याला फसवलं हे सांगायला लाज वाटते. चोरी दुसऱ्याने केलेली असते आणि तोंड आपण लपवतो. शिवाय मनात अजून आशेचा एक दोर होता. वाटत होतं, तिलाही अर्थ ठाऊक नसेल. बारावी शिकलेली असली तरी सगळे शब्द कुठे येतात. मग आठवलं, तिने स्वतःचा वार मला दिला होता. ज्याला अर्थ ठाऊक नाही तो वार का बदलेल. लेकीच्या सासरचं नाव सांगून एवढे गहू का भिजवेल. आणि कामाचा तो सगळा दिवस मान खाली घालून का घालवेल.

त्यानंतर मी एक वेडेपणा केला. पेटीत जपलेले सगळे कागद काढले. जे जे संगीताने मला कधी वाचून दाखवलं होतं ते. सासूबाईंच्या दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचा कागद, बचत गटाचा ठराव, पूजाच्या कॉलेजचं पत्र. पूजाला म्हटलं, हे परत एकदा वाच, मला विसरायला झालंय. ती ओळीने वाचत गेली आणि मी आठवत गेले, संगीता काय म्हणाली होती. सगळं जसंच्या तसं. एका शब्दाचाही फरक नाही. वीस वर्षांत तिने मला जे वाचून दाखवलं ते सगळं खरं होतं, एक शब्द सोडून. मला वाटलं होतं आणखी खोटं सापडलं तर राग तरी नीट येईल. सगळं खरं निघालं त्याचाच त्रास जास्त झाला.

म्हणून मी त्या इंग्रजी शब्दावर फार विचार केला आहे, माझ्यासारखीने करू नये इतका. आपल्याकडे वादळाला, गारपिटीला, वळवाला किती शब्द आहेत. ती संकटं दिसतात, त्यांचा आवाज होतो, पंचनामा होतो, लोक बघायला येतात. पण नुसतं झाकून टाकणं, काही न मोडता, काही न भिजवता, फक्त ऊन अडवून धरणं, त्याने काय जातं ते ज्याच्या गच्चीवर ओलं पसरलेलं असतं त्यालाच कळतं. संगीताने माझं काही चोरलं नाही. माझ्याशी भांडली नाही. एक चुकीचा अर्थ माझ्या अंगावर पसरला आणि दोन दिवस धरून ठेवला, एवढंच. गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, त्यात काय, आभाळ तर देवाचं.

मी तिला विचारलं नाही. दोन वर्षं. विचारायला लाज आडवी आली, आणि लाज सरली तेव्हा पैसे आडवे आले. ज्याचे पैसे लागतो त्याला कसं म्हणायचं, तू खोटी आहेस. कापसाच्या दिवसांत कधी दोनशे, हरभऱ्यात कधी तीनशे, असं जमेल तेव्हा देत राहिले. तिने एकदाही मागितले नाहीत. भेटली की नेहमीसारखीच बोलायची, पूजाची चौकशी करायची. गेल्या चैत्रात सावडीला बोलवायला आली तेव्हा मी दुखते म्हणून कंबर धरली. यंदा ती आलीच नाही. नांदेडला तिचा माल जातो. चांगला असतो, सगळे म्हणतात.

इथवर लिहून झालं तेव्हा उन्हं अजून वर होती. डब्यात शेवटचे पाचशे जमले होते, शंभराच्या, पन्नासाच्या, विसाच्या नोटा. पदरात बांधले आणि गेले. ती ओसरीत सूप घेऊन गहू निवडत बसली होती.

"ये, बस की," ती म्हणाली. "आजकाल येतच न्हाईस."

"उभीच बरी हाय. हे शेवटचे पाचशे."

"अगं घाई काय होती? मी मागितले का कधी?"

"न्हाई मागितलेस." माझे कान गरम झाले होते, पण बोलले. "संगीता, मला ओव्हरकास्टचा अर्थ ठाऊक हाय."

सुपातला तिचा हात थांबला. कुठला ओव्हरकास्ट, असं तिने विचारलं नाही. ती गव्हातला एक खडा दोन बोटांत धरून बसली.

"कवापासून?"

"त्याच वर्षी. पूजा आली तवा."

"दोन वरसं झाली की त्याला."

"हाव."

"दरवर्षी सगळ्यांत पांढऱ्या कुरडया कुणाच्या होत्या गल्लीत? माझ्या," ती खाली बघत म्हणाली. "अन् काम आलं तुला. का तर तुझी मावसबहीण नांदेडला हाय. मला रात्रंदिवस तेच दिसायचं. मंग तो मेसेज आला." मग तिने वर बघितलं. "पण मंग तू पैसे कामून देत राहिलीस? न्हाई दिले असतेस तर मी कुठल्या तोंडानं मागणार होते?"

"बयाणा मी घेतला होता. खर्चही मीच केला."

"ठिवून घे हे पाचशे. अनु, ठिवून घे."

"न्हाई. मोजून घे."

मी नोटा सुपात गव्हावर ठेवल्या. तिने हात पुसले आणि मोजायला लागली. विसाच्या नोटांपाशी चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदाही चुकली. मी थांबून राहिले. तिसऱ्यांदा तिने एकेक नोट मांडीवर ठेवत मोजली.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

"तीन हजार पुरे झाले?"

"पुरे झाले."

मी चप्पल पायात घातली आणि घरी आले.